205 चादरींचा घोळ निस्तरणाऱ्या दादांना

दादा, तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही, पण दोन ओळी वाचल्या की तुम्हाला कळेलच.

सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेआधीचा आठवडा, चाटी गल्लीत मामाच्या चादरींच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही, आणि मी स्टॉकचं पेज करत बसलेलो. कोर्सबिर्स काही नाही, इकडून तिकडून कोड उचललेला. 20 चादरी शिल्लक होत्या, 5 नव्या आल्या, पेजवर 205. मामा म्हणला एवढा माल असता तर मी इथं बसलो असतो का बे! इनपुटमधनं येतो तो 20 आकडा नसतो, टेक्स्ट असतं, त्यात 5 मिळवला की तो नुसता शेजारी चिकटतो, हे मला कुठं माहीत.

तुम्ही चहा पीत पीत म्हणालात, जागोजागी नंबर करत बसू नको, 'नग'ला सेटर लाव, म्हणजे नगमध्ये काही टाकलं की आपोआप चालणारं फंक्शन, मग कुठनंही आकडा येऊ दे, एकाच दारानं आत जाईल, तिथंच नंबर कर आणि शून्याच्या खाली असेल तर घेऊच नको. (प्रॉपर्टीचं, म्हणजे मालाच्या नोंदीतल्या एकेका रकान्याचं, नाव देवनागरीत 'नग' ठेवलं तरी जावास्क्रिप्टला चालतं हे पण तेव्हाच कळलं, मी उगाच क्यूटीवाय क्यूटीवाय करत होतो.)

घरी जाऊन लिहिला. सेटरच्या आत धिस डॉट नग बरोबर नवा, म्हणजे नगमध्ये नवा आकडा टाक. चालवलं की लाल अक्षरात मॅक्झिमम कॉल स्टॅक साइझ एक्सिडेड असा एरर. रात्री साडेबाराला तुम्हाला फोन लावला, त्याबद्दल परत एकदा सॉरी. दुसरा कोणी असता तर बरोबर ओळ पाठवून झोपला असता. तुम्ही विचारलंत, "धिस डॉट नगमध्ये काही टाकलं की कोण धावून येतं?" मी म्हणलं सेटर. "मग सेटरनंच टाकलं तर?" मी गप्प. तुम्ही पण गप्प, फोन चालूच, मागं तुमच्याकडं पाणी सुटलेलं, बादली भरल्याचा आवाज येतोय. मग म्हणालात, "दिवाणजीनं आलेला माल परत काउंटरवरच ठेवला तर परत दिवाणजीच उठणार की. गोडाऊनला नेऊन ठेव." तेव्हा पेटली! फंक्शनमध्ये लेट साठा असं वेगळं व्हेरिएबल केलं, सेटर त्यात टाकतो, गेटर, म्हणजे नग वाचताना चालणारं फंक्शन, त्यातनं वाचतो. गेटर आधी लिहिलाच नव्हता, म्हणून वाचायला गेलं की अनडिफाइंड, ते पण त्याच फोनवर सुटलं.

खरा वैताग दुसऱ्या दिवशी. मी कुठूनतरी अंडरस्कोर अंडरस्कोर डिफाइनसेटर असली सेटर लावायची जुनी पद्धत उचललेली, तुम्ही म्हणालात ब्राउझर अजून चालवतात पण नव्या कोडमध्ये नको, जावास्क्रिप्टच्या 2009 च्या ईएस5 आवृत्तीपासनं ऑब्जेक्ट डॉट डिफाइनप्रॉपर्टी आहे ते वापर. बदललं आणि टेबलातला नगाचा कॉलमच गायब, सेव्ह केलेल्या जेसनमधनं (डेटा टेक्स्ट करून ठेवतात त्यातनं) पण गायब. खरं सांगतो, मनातल्या मनात तुम्हाला दोन शिव्या घातल्या. तुम्ही एवढंच म्हणालात, ऑब्जेक्ट डॉट कीज टाक, प्रॉपर्टींच्या नावांची यादी येईल, काय येतं ते वाचून दाखव. प्रकार, साइझ, रंग, दर. नग नाहीच. मग मीच शोधलं, जुन्या पद्धतीत प्रॉपर्टी आपोआप एन्युमरेबल, म्हणजे यादीत धरली जाणारी, असायची, डिफाइनप्रॉपर्टीनं नवी केली आणि सांगितलं नाही तर ती फॉल्स धरते, म्हणून लूपला दिसत नाही आणि जेसनमध्ये पण जात नाही. एन्युमरेबल ट्रू, एका ओळीचं काम, आणि मी दुपारभर जेवलो नव्हतो.

तीनदा अडकलो आणि तीनदा तुम्ही कीबोर्डला हात लावला नाही, त्यासाठीच हे सगळं लिहितोय.

मामानं तुमच्यासाठी डबलबेडची मरून चादर बाजूला काढलीय, पैशाचं नाव काढायचं नाही असं बजावलंय. पेजवर मी नग एकनं कमी पण केला, 25 चे 24 झाले, बरोब्बर. पुण्याला जायच्या आधी दुकानावरनं घेऊन जावा.