भामटा हा शब्द हेडिंगमधून काढा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात ऑनलाइन फसवणुकीची बातमी नाही असा दिवस आता जात नाही, आणि त्या तुम्ही छापता हे फार चांगलं आहे, लोक वाचून सावध होतात. पण "भामट्याने घातला लाखोंचा गंडा", "अखेर भामटा गजाआड" अशी हेडिंग सारखी सारखी येतात त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं.

भामटा हे एका समाजाचं नाव आहे साहेब. आपल्या राज्याची विमुक्त जातींची यादी काढून बघा, बेरड, कैकाडी, रामोशी, वडार यांच्यासोबत भामटा आणि राजपूत भामटा अशी सरळ नोंद आहे, म्हणजे एखाद्या पोराच्या दाखल्यावर जे जातीचं नाव असतं तेच तुम्ही एटीएम कार्ड बदलणाऱ्या चोराला लावताय.

मी शिकवायचो त्या शाळेत परिपाठाला पेपरातल्या बातम्या वाचायची पद्धत होती. एकदा एका मुलीने अशीच बातमी वाचली, हा शब्द आला आणि मागच्या रांगेतली पोरं एका मुलाकडे बघून फिदीफिदी हसायला लागली, तो आपला मान खाली घालून शर्टाचं बटण फिरवत बसला. पुढे स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी दाखल्याची झेरॉक्स मागितली तेव्हा त्याने ती घडी करून दिली, लिहिलेली बाजू आत. बाकी सगळ्यांनी सरळ दिली होती. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि आजही वाटतं.

जन्मावरून गुन्हेगार ठरवायचा हा शिक्का आला कुठून तर इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यातही लावला. त्यात माणसाने काय केलं हे बघायचंच नव्हतं, कुठल्या जमातीत जन्मला एवढंच बघायचं, मग पोलिसांकडे हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. 31 ऑगस्ट 1952 ला देशभरातून हा शिक्का गेला, म्हणून त्यांना विमुक्त म्हणतात. सरकारने पुसलेला शिक्का पेपरने रोज परत मारायचा हे मला पटत नाही.

काही जण म्हणतात की शब्द रुळलाय, बोलताना कोणाच्या मनात जात नसते. नसेलही, पण ज्याच्या दाखल्यावर तो आहे त्याला टोचायचा तो टोचतोच ना. आणि उलट्या बाजूने राजपूत भामटा या नावातूनच भामटा शब्द काढून टाका अशीही मागणी झाली, त्याला विमुक्तांच्या संघटनांनी विरोध केला आणि तो बरोबरच होता, कारण भामटा शब्द जाऊन नुसतं राजपूत उरलं की खऱ्या भामटा समाजाच्या आरक्षणात कोणीही घुसेल. बदलायचं तर चोरांना लावलेलं नाव बदला, समाजाचं कशाला.

आणि मराठीत शब्दांची काय कमी आहे का? ठग आहे, लबाड आहे, लफंगा आहे, देवाच्या नावावर लुबाडणारा भोंदू आहे. चारसोवीस तर सगळ्यांना कळतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम 318 झालं तरी लोक चारसोवीसच म्हणतात. मला सगळ्यात नेमका वाटतो तो तोतया. पानिपतात 1761 ला सदाशिवरावभाऊ गेले आणि नंतर मीच भाऊ म्हणून एक जण उभा राहिला, हजारो लोक त्याच्या मागे गेले, शेवटी 1776 ला पेशवाईने त्याला मृत्युदंड दिला. आजचा डिजिटल अरेस्टवाला वेगळं काय करतो, वर्दी घालून व्हिडिओ कॉलवर येतो, मागे पोलीस स्टेशनचा बोर्ड, तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत म्हणतो, म्हाताऱ्या माणसाला दिवसभर कॅमेऱ्यासमोरून हलू देत नाही आणि एफडी मोडून पैसे ट्रान्सफर करायला लावतो. याला तोतया पोलीस लिहिलं की वाचणाऱ्याला एका शब्दात कळतं की समोरचा पोलीस नव्हताच. भामटा लिहून यातलं काहीच कळत नाही.

तेव्हा तुमच्या डेस्कवरच्या मंडळींना एकदा सांगा की तोतया पोलीस, तोतया बँक अधिकारी, बनावट एजंट असं जे असेल ते लिहा, काही सुचलं नाही तर नुसतं आरोपी लिहा. आणि हेडिंगमध्ये जागा उरलीच तर सायबर हेल्पलाइनचा 1930 नंबर टाका, पैसे गेल्या गेल्या फोन केला तर पुढच्या खात्यात अडवले जायची शक्यता असते, हे अजून कितीतरी घरात माहीत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. बुलढाणा