तंजावर सहल : घराण्याची माहिती सोबत आणा

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी ७ वाजता तिरुचिरापल्ली जंक्शनसमोरून बस निघेल, परत रात्री. आधी बृहदीश्वर मंदिर. तिथल्या भिंतीवर तंजावरचे मराठा राजे सर्फोजी (दुसरे) यांनी १८०३ साली कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास निवांत वाचायचा आहे, म्हणून दोन तास राखून ठेवलेत. मग सरस्वती महाल ग्रंथालय.

आडनाव, गोत्र, मूळ गाव, पणजोबांपर्यंतची नावे लिहून आणा. तंजावरच्या १८५५ पर्यंतच्या मराठा राजवटीत कोणी दरबारी चाकरीत असल्यास तेही. मोडी कागदांचे फोटोच आणा, मूळ कागद प्रवासात नकोत. घरातल्या आजी-आजोबांना आजच विचारा. त्यांना आठवणारी नावे फार मोलाची आहेत. येणाऱ्यांनी गुरुवारपर्यंत कळवावे.