आईचं बोट कोपऱ्यात ठेवणाऱ्या काकांना

काका, सादर नमस्कार.

दुकानात तुम्ही आभार मानू दिले नाहीत. "बिल दिलंत ना, झालं," म्हणालात आणि खळीच्या भांड्यावर झाकण ठेवलंत. नाव कुठे लिहू नका असंही बजावलंत, म्हणून नुसतं काका. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकामागच्या बोळातले बाइंडिंगवाले काका. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आई गेल्या श्रावणात गेली. कपाट आवरताना साड्यांखाली चपलांची तीन खोकी निघाली आणि त्यांत 212 फोटो. सगळे एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनाचे. 26 जानेवारीच्या आसपास ते भरतं आणि आईची वारी कधी चुकायची नाही. सिंहगड रोडवरून स्वारगेट, तिथून पुलगेट, पुढे रिक्षा. डब्यात पोळी-भाजी, पिशवीत कॅमेरा. आधी हॉट शॉट, नंतर माझा जुना मोबाइल. पण त्यातलेही फोटो ती कागदावर छापून आणायचीच. फोटोत माणूस एकही नाही. शेवंती, डेलिया, पॅन्सी, बाटल्यांमध्ये ओळीनं उभे केलेले स्पर्धेचे गुलाब, बोन्साय, इकेबाना म्हणजे जपानी पद्धतीची पुष्परचना, बक्षीस मिळालेला एक भलामोठा कोबीसुद्धा. आणि मागे बॉलपेननं टिपण, गुलाब असेल तर त्याच्या जातीच्या नावासकट. "डबल डिलाइट. उन्हात कडा जास्त लाल होतात. आपल्या गॅलरीत जमेल का?" किंवा "ग्लॅडिएटर. आपल्याकडे आहे, पण एवढा नाही."

यांचं एक वही-पुस्तक करावं असं मनात आलं, आणि तिथून माझी वणवण सुरू झाली.

पहिल्या ठिकाणी एका मुलानं गठ्ठा पत्ते पिसावेत तसा पिसला आणि 19 फोटो बाजूला काढून पाकिटावर "रिजेक्ट" लिहिलं. का, तर त्यांत उजव्या खालच्या कोपऱ्यात बोट आलंय. आईचंच बोट ते. त्या कॅमेऱ्यात बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे भिंगापुढे आलेलं बोट डोळ्याला दिसायचंच नाही. मोबाइल आल्यावर दिसायला लागलं, पण तोवर सवय मुरली होती.

दुसऱ्या ठिकाणी एसी होता, कॉफी होती, आणि "मॅडम, आम्ही मेमरीज बनवतो" असं सांगणारी माणसं होती. त्यांनी बनवल्या. गुलाबी पानांवर सोनेरी फुलपाखरं, प्रत्येक पानावर सात-आठ फोटो तिरके टाकलेले, मध्ये इंग्रजीत वळणदार अक्षरांत काहीतरी गोड. फुलांच्या फोटोंना फुलांचीच नक्षीदार चौकट! आणि ती 19 बोटं त्यांनी कॉम्प्युटरवर पुसून टाकली होती, न विचारता. आईच्या बोटाच्या जागी पिटुनिया उगवले होते. मी तक्रार केली तर म्हणाले, "पण आता किती क्लीन दिसतंय!" पैसे परत मागायचंही त्राण उरलं नाही. घरात भाचा म्हणाला, मावशी, ॲपमध्ये दोन मिनिटांत होतं. त्याचं चुकलं नाही, दोन मिनिटांत होण्यासारखं दोन मिनिटांत होतंच.

तुमच्याकडे आले ते खरं तर बाबांचं जुनं पंचांग बांधून घ्यायला. मे महिना, अंगाची काहिली. खोकं दिसलं तसं विचारलंत, काय आहे? मी उघडलं आणि तुम्ही आधी पंखा बंद केलात, फोटो उडू नयेत म्हणून. मग हात धुऊन आलात, पुसलेत, आणि सगळे फोटो पालथे मांडून तासभर आईची टिपणं वाचत बसलात. घामानं निथळत. पुढची बाजू त्यानंतर पाहिलीत.

पुढच्या चार खेपांत मी जे शिकले ते इथे सांगावंसं वाटतं, कारण तुम्ही ते कुणाला सांगणार नाही. मला वाटायचं फोटो वर्षांप्रमाणे लावायचे. तुम्ही म्हणालात, वर्ष मागे लिहिलंय ना, मग पुढे कशाला? साल्वियाचा लाल आणि झेंडूचा केशरी शेजारी आले की दोघं भांडतात, मधल्या पांढऱ्या शेवंतीला कुणी बघत नाही. म्हणून गडद रंगांना राखाडी कागद, फिकट गुलाबांना शेवाळी. एका पानावर एकच मोठा फोटो आणि त्याच्या ओढीनं आलेले दोन लहान. बाटल्यांतल्या गुलाबांची एक सलग पट्टी, दोन पानांवरून जाणारी, पण शिवणीत एकही फूल सापडू नये अशी बेतलेली. इकेबानाच्या फोटोभोवती तुम्ही इतकी जागा मोकळी सोडलीत की मी म्हटलं, कागद वाया नाही का जात? तेव्हा तुम्ही तुमच्या छापखान्यातल्या दिवसांचं सांगितलंत. खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवताना अक्षरांइतकेच बिनअक्षरी तुकडेही लावायला लागतात, नाहीतर ओळ सुटते. ती फुलं रचणाऱ्यांनाही हेच म्हणायचं असतं, असंही वर.

डिंक फोटोला लावलाच नाहीत, चारी कोपऱ्यांना कागदी खोचे केलेत. चिकट पानांच्या त्या जुन्या अल्बमांत लोकांचे लग्नाचे फोटो कसे पिवळे पडून अडकलेत ते दाखवलंत. आईनं वाळवून ठेवलेली पॅन्सीची फुलं मला फोटोशेजारीच हवी होती. फुलांचा रस आणि ओल फोटोला डागते म्हणून त्यांच्यासाठी बटरपेपरचं वेगळं पाकीट केलंत, शेवटच्या पुठ्ठ्याच्या आत.

पण हे पत्र त्यासाठी नाही.

"रिजेक्ट"चं पाकीट तुम्ही उघडलंत, एकोणीसच्या एकोणीस फोटो ओळीनं लावलेत आणि विचारलंत, "हे बोट कुणाचं?" मला सांगता येईना. तुम्ही वाट पाहिलीत. पाण्याचा तांब्या पुढे सरकवलात आणि उठून बाहेर जाऊन उगाच पायऱ्या झाडत राहिलात.

आठवड्यानं वही हातात दिलीत, म्हणालात, "पान उलटा." मी उलटलं. पुन्हा उलटलं. मधल्या एका उजव्या पानावर डबल डिलाइटचा फोटो पार कडेपर्यंत नेलेला होता, आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे पान उलटायला माणूस बोट लावतो नेमकं तिथे, आईचं बोट. धूसर, गुलाबीसर. माझं बोट त्यावर पडलं होतं.

तुम्ही म्हणालात, "इथे फोटो घासणार. घासू दे. प्रत लावलीय, मूळ फोटो मागच्या पाकिटात आहे." एवढंच. बाकीची अठरा बोटं जिथली तिथे ठेवलीत, न मिरवता, न लपवता.

काका, आई दर वर्षी तिथल्या नर्सरीवाल्यांकडून एखादी कुंडी घ्यायची आणि बसमधून आणायची. एकदा गर्दीत कंडक्टरनं तिची डेलियाची कुंडी स्वतःच्या सीटखाली ठेवून घेतली आणि उतरताना हातात देत म्हणाला, मावशी, कळी शाबूत आहे, बघून घ्या. हा किस्सा तिनं आम्हाला किमान शंभरदा ऐकवला असेल. आम्ही वैतागायचो. तुमच्या दुकानातून घरी येताना रिक्षात तो कंडक्टर आठवला, आणि ती तेच तेच का सांगायची तेही. दुसऱ्याची वस्तू हातात घेताना काही माणसं आपसूक हळू होतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं, पगारही मिळत नसतो. एसीतल्या त्या मेमरीजवाल्यांना तर दोन्ही होतं.

बरं, बिलाबद्दल. तुम्ही पैसे कमी केले नाहीत, कागद, पुठ्ठा, मजुरी सगळं लिहून पूर्ण बिल घेतलंत, हे मला फार आवडलं. दया केली असतीत तर अवघडले असते.

वही बाबांना दिली. ते हल्ली फारसं बोलत नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून सावकाश सुरुवात केली. कोबीपाशी हसले. त्या पानाशी आल्यावर थांबले, कोपऱ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हिला किती वेळा सांगितलं होतं, बोट बाजूला घे म्हणून." मग पान उलटायचं सोडून तसेच बोट टेकवून बसले. मी आत जाऊन कुकर लावला.

आता रोज संध्याकाळी वही उघडली जाते. त्या पानाचा कोपरा मऊ पडायला लागलाय, आईच्या नखाशी रंगही थोडा गेलाय. मूळ फोटो पाकिटात आहे. दिवाळीनंतर नवी प्रत लावून घ्यायला येईन, तेव्हा पंखा बंद करायचं मी लक्षात ठेवीन.

आपली,
फुलांच्या खोक्यांवाली