तापाचा कितवा दिवस, हे तपासणीच्या चिठ्ठीवर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने आपल्याकडे तापाच्या रुग्णांचे असतात. या दिवसांत निदानाची एक वाईट सवय मोठ्या प्रमाणावर दिसते. ताप येऊन दोन दिवस झाले की रक्त काढायचे, संध्याकाळपर्यंत विडाल या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात, त्यावर ‘ओ १:१६०’ दिसले की टायफॉइड ठरला आणि दुसऱ्या सकाळपासून सलाईनमधून सेफ्ट्रियाक्सोन हे अँटिबायोटिक सुरू. ही पद्धत थांबली पाहिजे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तापाचा कितवा दिवस आहे हे पाहून तपासणी निवडायची, एवढ्यावर बरेच काही सुधारते.

विडाल ही तपासणी १८९६ सालची. ती टायफॉइडचा जंतू शोधत नाही. त्या जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे मोजते. ही प्रतिपिंडे बनायला वेळ लागतो. त्यांतले ‘ओ’ हे प्रतिपिंड साधारण सहाव्या ते आठव्या दिवशी वाढू लागते, ‘एच’ दहाव्या ते बाराव्या दिवशी. म्हणजे दुसऱ्या दिवशीचे विडाल निगेटिव्ह आले तरी टायफॉइड नाही असे म्हणता येत नाही. आणि पॉझिटिव्ह आले, तर ती प्रतिपिंडे बहुधा जुन्या संसर्गाची, लसीची किंवा साल्मोनेलाच्या दुसऱ्या एखाद्या जातीच्या संसर्गाची असतात. मलेरिया, डेंग्यूसारख्या तापातही विडाल खोटे पॉझिटिव्ह येते. या तपासणीचा खरा वापर करायचा तर १० ते १४ दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन टायटर (नमुना किती पट पातळ केला तरी प्रतिक्रिया दिसते तो आकडा, जसे १:१६०) चौपट वाढले का, ते पाहावे लागते. तोवर रुग्ण बरा झालेला असतो, म्हणून दुसरा नमुना जवळजवळ कोणीच देत नाही. टायफॉइडच्या आयजीएम (संसर्गात आधी तयार होणारी प्रतिपिंडे) कार्डांनाही प्रतिपिंडांच्या वेळेची हीच मर्यादा आहे.

आकड्यांत मांडून पाहू. समजा, तापाच्या १००० रुग्णांपैकी ५० जणांना खरोखर टायफॉइड आहे. तपासणी त्यांतल्या ७० टक्क्यांना पकडते आणि टायफॉइड नसलेल्यांपैकी २० टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते, असे धरू. खरे पॉझिटिव्ह ३५ आणि खोटे १९० होतात. २२५ पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी टायफॉइड फक्त ३५ जणांना, म्हणजे साधारण सहात एकाला. टायफॉइडचे प्रमाण याहून कमी असेल तर हे गणित आणखी बिघडते. विडाल सरसकट प्रत्येक तापाला केले की नेमके तेच होते.

लॅबमधल्या चुका वेगळ्याच. बहुतेक ठिकाणी स्लाइडवरचे विडाल होते. त्यात सीरमचे (रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवाचे) ८०, ४०, २०, १० आणि ५ मायक्रोलिटर घेऊन प्रत्येकात अँटिजेनचा (मारलेल्या टायफॉइड जंतूंच्या द्रावणाचा) थेंब मिसळतात. ते अनुक्रमे १:२०, १:४०, १:८०, १:१६० आणि १:३२० धरतात. गुठळ्या एका मिनिटाच्या आत वाचायच्या असतात. स्लाइड तशीच राहिली तर थेंब कडेने वाळतो आणि वाळलेली कड गुठळीसारखी दिसते. अँटिजेनची बाटली फ्रिजमधून काढून लगेच वापरली किंवा नीट हलवली नाही, तरी निकाल फिरतो. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह कंट्रोल (उत्तर आधीच माहीत असलेले नमुने) रोज लावायला हवेत. स्लाइडवर आलेले टायटर ट्यूब पद्धतीने पडताळल्याशिवाय रिपोर्टवर पक्के म्हणून छापू नये.

टायफॉइडची शंका असेल तर पहिल्या आठवड्यात करायची तपासणी म्हणजे ब्लड कल्चर (रक्तातला जंतू बाटलीत वाढवून ओळखणे), आणि तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी. कल्चर निष्फळ ठरण्याचे एक मोठे कारण म्हणजे अपुरे रक्त. टायफॉइडमध्ये एक मिलिलिटर रक्तात अनेकदा एकही जिवंत जंतू नसतो. त्यामुळे प्रौढाच्या बाटलीत ८ ते १० मिलिलिटर रक्त गेलेच पाहिजे. २-३ मिलिलिटर घालून पाठवलेल्या बाटलीचा ‘वाढ नाही’ हा रिपोर्ट दिशाभूल करतो. लहान मुलांसाठी वेगळी बाटली असते आणि रक्ताचे प्रमाण वजनाप्रमाणे ठरते. कातडी स्पिरिटने आणि मग क्लोरहेक्सिडिनने पुसून पूर्ण वाळू द्यावी आणि त्यानंतर शीर पुन्हा बोटाने चाचपू नये. बाटलीचे रबरी झाकणही स्पिरिटने पुसावे. सर्वांत महत्त्वाचे, भरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. ती खोलीच्या तापमानाला ठेवून शक्य तितक्या लवकर लॅबमध्ये पोहोचवावी. टायफॉइडचा जंतू असेल तर बहुधा दोन-तीन दिवसांत वाढ कळते. उत्तम रीतीने केलेले कल्चरही साधारण ४० ते ६० टक्के रुग्णांतच जंतू दाखवते, म्हणून निगेटिव्ह आले तरी लक्षणे पाहून निर्णय घ्यावाच लागतो. पण पॉझिटिव्ह आले तर कोणते औषध चालेल तेही कळते. आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा टायफॉइड सर्रास आढळत असताना ही माहिती फार मोलाची आहे.

इतर तापांनाही दिवसाचे हेच बंधन आहे. डेंग्यूचे एनएस१ (विषाणूचे प्रथिन शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, आयजीएम साधारण पाचव्या दिवसानंतर. सातव्या दिवशी एनएस१ निगेटिव्ह आले म्हणून डेंग्यू नाकारणे चूक आहे. मलेरियाचा रक्तनमुना काचपट्टीवर जाड आणि पातळ अशा दोन्ही थरांत, औषध सुरू होण्याआधी घ्यावा. पहिला निगेटिव्ह आला आणि शंका कायम असेल, तर १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) आयजीएमही पहिले पाच-सहा दिवस निगेटिव्ह येऊ शकते. पुराच्या पाण्यातून किंवा भातखाचरातून आलेल्या रुग्णाचे डोळे लाल आणि पोटऱ्या दुखत असतील, तर रिपोर्टची वाट पाहत उपचार अडवू नयेत.

स्क्रब टायफसबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण टायफॉइडच्या शिक्क्याखाली तो लपतो. २०१८ साली नागपूर आणि विदर्भात त्याची साथ आली होती. गवत-झुडपांतल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावल्याने तो होतो. चावल्याच्या जागी अनेकदा सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळ्या खपलीचा व्रण उठतो. तो दुखत नाही, सहसा खाजतही नाही, म्हणून रुग्ण स्वतःहून सांगत नाही. जांघ, काख, स्तनाखाली, कमरपट्ट्याची जागा, कानामागे अशा ठिकाणी तो असतो. कपडे बाजूला करून बघितल्याशिवाय सापडत नाही. स्त्री रुग्णांच्या बाबतीत नर्सच्या उपस्थितीत ही तपासणी करावी, पण संकोचापोटी टाळू नये. या जंतूवर सेफ्ट्रियाक्सोन चालत नाही, डॉक्सिसायक्लिन चालते. प्रौढांना १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, गरोदर स्त्रियांना त्याऐवजी अझिथ्रोमायसिन. खोट्या विडालवर पाच दिवस गेले तर फुफ्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत आजार पोहोचतो. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवूनही रुग्ण हाती लागेलच असे नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. तपासणीच्या चिठ्ठीवर तापाचा दिवस आणि अँटिबायोटिक सुरू झाले आहे का, हे दोन रकाने सक्तीचे करावेत. ते रिकामे असतील तर लॅबने फोन करून विचारावे आणि रिपोर्टवरही तेच छापावे. ‘फीवर प्रोफाइल’मधून (तापाच्या तपासण्यांच्या एकत्रित संचातून) विडाल काढून टाकावे. ज्यांना ते करायचेच आहे, त्यांनी सातव्या दिवसाआधी करू नये आणि ‘एका नमुन्यावरून टायफॉइडचे निदान होत नाही’ ही ओळ रिपोर्टवर ठळक अक्षरांत छापावी. डॉक्टरांनी केसपेपरवर ‘टायफॉइड’ असा शिक्का मारण्याऐवजी ‘ताप, चौथा दिवस, डेंग्यू अथवा स्क्रब टायफसची शक्यता’ असे लिहून ४८ तासांनी पुन्हा तपासण्याची तारीख घालावी. ताप उतरताना पोटात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा सुस्ती आली तर तारखेची वाट न पाहता यायचे, हे नातेवाइकांना बजावून सांगावे. डेंग्यूत धोक्याची वेळ तीच असते.

एक विनंती सार्वजनिक आरोग्य विभागालाही आहे. खात्रीलायक निदान झालेल्या रुग्णांची माहिती रोग सर्वेक्षण कार्यक्रमात जमा होतच असते. या पंधरवड्यात आपल्या तालुक्यात कोणते ताप प्रयोगशाळेत सिद्ध झाले, याचा एक पानी गोषवारा प्राथमिक आरोग्य केंद्रांना आणि खासगी डॉक्टरांना मोबाइलवर पाठवावा. ग्रामीण रुग्णालयांत कल्चरच्या बाटल्या ठेवून त्या रोज जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नेण्यासाठी गाडी ठरवावी. पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी, मे महिन्यातच हे ठरले तर जूनपासून अंमलात येईल.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्र व औषधवैद्यक शाखांतील काही डॉक्टर, नागपूर