‘एकटीच’ हा शब्द खटकला

संपादक महोदय,

चिपनिर्मितीच्या यंत्रांवरील आपल्या अंकातील लेखात, चिपवर अतिनील प्रकाशाने सूक्ष्म नक्षी उमटवणारे ईयूव्ही यंत्र नेदरलँड्सची एएसएमएल ही कंपनी जगात ‘एकटीच’ बनवते, असे म्हटले आहे. यंत्र विकणारी कंपनी एकच आहे, हे खरे. मात्र ते बनवणारे हात हजारो पुरवठादारांचे आहेत आणि लेखात त्यांचा उल्लेखही नाही.

या यंत्रातील १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश काच शोषून घेते. त्यामुळे भिंग निरुपयोगी ठरते, आरसेच लागतात. ते जर्मनीतील झाइस ही कंपनी घडवते. असा एक आरसा जर्मनी देशाएवढा मोठा केला, तरी त्यावरचा सर्वांत मोठा उंचवटा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच भरेल! हा प्रकाश निर्माण करण्यासाठी वितळलेल्या कथिलाच्या थेंबांवर सेकंदाला ५० हजार वेळा लेझरचा मारा होतो. तो लेझर ट्रुम्फ या दुसऱ्या जर्मन कंपनीचा. पुरवठादाराचे मोल एएसएमएलने स्वतः ओळखले आहे. २०१६ मध्ये तिने झाइसच्या सेमीकंडक्टर शाखेतील २४.९ टक्के हिस्सा एक अब्ज युरोंना घेण्याचा करार केला.

केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आपल्याकडची चर्चा मात्र चिपचा कारखाना कोणत्या राज्यात जाणार, यापुढे फारशी सरकत नाही. व्हॅक्यूम पंप, झडपा, आरसे, अचूक यंत्रभाग बनवणाऱ्या लहान-मध्यम उद्योगांवरही आपण स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, पुणे