राउंडला मावशींनाही विचारा

मा. संपादक साहेब,

दवाखान्यात गोंधळ झाल्याची बातमी आली की सगळे डॉक्टर विरुद्ध नातेवाईक एवढंच बोलतात, पण आतल्या टीमचं आपसात कसं चालतं यावर कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी मिरजेत स्टाफ नर्स म्हणून काम करून रिटायर झालेय, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाहीये.

इथला कुठलाही मोठा वॉर्ड बघा. पेशंट कर्नाटकातल्या अथणी, रायबागचा नाहीतर आपल्याच जत तालुक्यातला, बोलणार कन्नड. सिस्टर केरळची. गव्हर्नमेंट कॉलेजात पीजीच्या, म्हणजे एमबीबीएसच्या पुढच्या शिक्षणाच्या, निम्म्या सीटा ऑल इंडिया कोट्यातनं भरतात, त्यामुळे रेसिडेंट डॉक्टर राजस्थानचा नाहीतर यूपीचा, त्याला मराठीच धड कळत नाही तर कन्नड कुठनं कळणार. आणि या सगळ्यांच्यात वॉर्डातल्या मावशी, ज्यांना कन्नड, मराठी, मोडकंतोडकं हिंदी सगळं येतं आणि ज्यांना कुणी काही विचारत नाही.

एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) शुगरची एक म्हातारी होती, सोमवार धरायची. दुपारी डॉक्टरनी हिंदीत विचारलं खाना खाया क्या, तिनं मान हलवली, झालं! मावशींनी भरलं ताट तसंच परत नेलेलं, त्यांनी सांगितलंही की आजींनी घास घेतला नाही, तर इंटर्न म्हणतोय, "मावशी, तुम्ही तुमचं काम बघा." उपाशी पोटी इन्सुलिन दिलं गेलं, शुगर एकदम उतरली आणि थोड्या वेळात म्हातारी घामानं चिंब, बोलायची बंद. ग्लुकोज चढवलं, वाचली. मग मीटिंग झाली, सिस्टरला मेमो मिळाला, आणि मावशींना त्या मीटिंगला बोलावलंसुद्धा नाही.

केरळच्या सिस्टर आपसात मल्याळी बोलतात अशी तक्रार सगळे करतात, मला पण सुरुवातीला राग यायचा. पण डॉक्टर लोक मावशी-मामांच्या डोक्यावरनं तासभर इंग्रजीत बोलतात तेव्हा कुणाला काही वाटत नाही. आणि खरं लिहायचं तर चहाचे कपसुद्धा काही ठिकाणी वेगळे असतात, स्टाफचे ट्रेमधे आणि सफाईवाल्या बाईंचा खिडकीत पालथा. कुणी कुणाला वेगळा ठेवायला सांगितलेलं नसतं, तो तसाच चालत आलेला असतो. जिचा कप खिडकीत, ती साहेबांना "सर, पेशंटचा रंग बरा दिसत नाही" असं कुठल्या तोंडानं सांगणार?

जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ मधे ऑपरेशनसाठी एक चेकलिस्ट काढली. त्यात चाकू लावायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. आठ शहरांत, त्यात आपली दिल्लीपण होती, ती वापरून बघितली तर ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यावरनं ०.८ टक्क्यावर आले. हे नुसतं नावं सांगून झालं असं कुणी म्हणणार नाही, यादीत बाकी पण बरंच आहे, पण ज्यानं एकदा तोंड उघडलंय तो पुढं काही चुकत असलं तर बोलायला कचरत नाही, हे मी ऑपरेशन थिएटरात बघितलंय. आपल्याकडं त्या फॉर्मवर बऱ्याचदा आधीच टिकमार्क करून ठेवतात हा भाग वेगळा.

बाहेरचे लोक मिरजेला नवीन नाहीत. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेब कॅनडात जन्मले आणि १८९४ मधे त्यांनी इथं दवाखाना सुरू केला, त्यातनंच हे गाव पेशंटचं गाव झालं. मग आता का जमू नये. एमबीबीएसच्या पोरांना २०१९ पासून फाउंडेशन कोर्समधे स्थानिक भाषा आहे, पीजीला बाहेरनं येणाऱ्यांना पण तसं काहीतरी ठेवा, आठवड्याला एक तास मराठी आणि कामापुरतं कन्नड, शिकवायला मावशी आहेतच की, पण त्याचे पैसे द्या. कन्नड येणाऱ्या मावशी-मामांची नावं ड्युटी चार्टवर लिहा म्हणजे रात्री दोनला शोधाशोध नको. आणि सकाळच्या राउंडला सिस्टरला आणि मावशींना एवढंच विचारायचं, रात्री काय झालं, पेशंट जेवला का, काय वेगळं दिसलं.

वेळ नाही म्हणतील. एका बेडला अर्धा मिनिट लागतो फार तर. पण हे परिपत्रक काढून होणार नाही, मोठ्या सरांनी स्वतः विचारायला लागेल, त्यांनी दोन दिवस विचारलं की रेसिडेंट तिसऱ्या दिवशी आपोआप विचारतोय. कंत्राटी मावशी दर काही महिन्यांनी एजन्सी बदलली की बदलतात, त्याचं काय करायचं ते मात्र मॅनेजमेंटनंच सांगावं.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, मिरज (जि. सांगली)