अभ्यासिकेतल्या दादांना, लॅपटॉपसाठी मनापासून आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही गावी परतलात, आणि तोंडावर केलेलं कौतुक तुम्हाला आवडत नाही. म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझा लॅपटॉप म्हणजे सेलेरॉन प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची ईएमएमसी, म्हणजे फाइली साठवायची चिप. विंडोज ११ वर पीडीएफचं पान पुढे सरकवलं की आधी कोरा पांढरा पडदा यायचा, मग सावकाश अक्षरं. दुकानात 'नवा घ्या' एवढंच ऐकायला मिळालं. घरी तेवढे पैसे मागणं शक्य नव्हतं. तुम्ही मात्र टास्क मॅनेजर उघडून दाखवलात: एकही प्रोग्रॅम न उघडता रॅम भरत आलेली. न मावणारं ईएमएमसीवर जातं, ती रॅमपेक्षा फार संथ, म्हणून सगळं अडतं. हे इतकं सरळ करून मला कोणी सांगितलं नव्हतं.

पण मी खरी ऋणी आहे ती पुढच्या गोष्टीसाठी. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी, एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राइव्हवर आणलीत, तरी लगेच काही पुसलं नाहीत. पेन ड्राइव्हवरूनच ती चालू करून माझ्याकडून सगळं तपासून घेतलंत: वायफाय, आवाज, एमपीएससीचा अर्ज भरायचं पान. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डने 'दऱ्या' टाइप करायला लावलंत, त्यातला अर्धा र नीट उमटतो का हे बघायला! एमएस ऑफिस इथे चालणार नाही, त्याऐवजीच्या मोफत लिबरऑफिसमध्ये वर्डच्या फाइलींची मांडणी कधी कधी हलेल, हेही आधीच सांगितलंत. माझ्या नोट्स दुसरीकडे कॉपी झाल्याची खात्री केलीत, मगच इन्स्टॉलचं बटण मला दाबू दिलंत. दुसऱ्याच्या अभ्यासाची एवढी काळजी कोण घेतं?

आता चालू झाल्यावर जेमतेम एक जीबी रॅम लागते. तुम्ही लावून दिलेली झेडरॅम ही सोय कमी वापरातला डेटा रॅममध्येच दाबून, लहान करून ठेवते, त्यामुळे ईएमएमसीकडे धाव कमी झाली. प्रोसेसर तोच, त्यामुळे ब्राउझरमध्ये खूप टॅब उघडले की अजून दमतो. पण पीडीएफ, व्याख्यानाचा व्हिडिओ आणि टिपणं एका वेळी चालतात, आणि मला तेवढंच हवं होतं. मिंटच्या या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ते मीच करते.

पुण्यात आलात की अभ्यासिकेत नक्की या. पेन ड्राइव्ह मात्र एवढ्यात परत करत नाही, इथल्या आणखी दोघींना हवाय.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची धाकटी बहीण